अर्धा ल्युमेन

ईदार म्हणतो, टॉर्चसारखी टॉर्च नसते.
मासळीच्या कारखान्यात तो वायरमन.
नोव्हेंबर सरता सरता आमच्या बोट्सफ्योरमध्ये
सूर्य रजेवर जातो, तसा याचा हंगाम सुरू:
शीतगृहाच्या मागच्या भिंतीवर खडूचे गोल,
समोर पिंपावर तीन विजेऱ्या, बोटाएवढ्या,
एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्यात वही.
उणे चौदा.

मी त्याची मेहुणी, रात्रपाळीची नर्स.
घरोघर जाते, औषधं देते, पायाच्या पट्ट्या बदलते,
आणि प्रत्येक दाराशी कुलपाचं भोक शोधते
दातांत टॉर्च धरून.
म्हणून उभी राहिले.

पहिली दाबली मात्र,
बंदराच्या पार टोकाला, बांधाच्या दगडावर
झोपलेला एक कुरव उठून बसला.
"साडेतीनशे मीटर!" ईदार ओरडला,
जणू हा उजेड त्यानेच पाडला.
दीड मिनिटात तिचं अंग तापलं
आणि कुणी न सांगता ती निम्म्यावर आली.
जोरात बोलणाऱ्या माणसांचं होतं तसं.

दुसरीच्या बुडाला लोहचुंबक, पाठीला क्लिप,
केबलने चार्ज होते, किती उरलं तेही सांगते.
चांगली आहे. खरंच चांगली आहे.
फक्त मागच्या हिवाळ्यात माझ्या खिशात
ती आपली आपणच लागली,
लोकरी अस्तराला नाण्याएवढं भोक.
त्यातून अजून किल्ल्या गळतात.
आणि हातमोजा घालून तिचं बटण शोधायचं
तर आधी दुसरी टॉर्च लागते.

तिसरीत एकच पेन्सिल सेल,
भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो.
उजेड वितळल्या लोण्याच्या रंगाचा,
वीस पावलांवर दमणारा.
ईदारने वहीत तिच्या नावावर रेघ मारली.

मी तीच उचलली.

कारण, ईदार, तुझ्या त्या पांढऱ्याफेक झोतात
सगळेच मेलेले दिसतात.
ओठ निळे आहेत की उजेड निळा, कळत नाही.
रक्तदाबाची गोळी गुलाबी, झोपेची पांढरी,
आणि तुझ्या पहिलीपुढे दोघी सख्ख्या जुळ्या.
वादळात तारा तुटल्या त्या रात्री
साडेतीनशे मीटर मला कुठे हवे होते?
पलंग ते उशाचा डबा, एवढंच अंतर.

शिवाय हिचं बटण दाबून धरलं
की ती आणखी खाली उतरते, अर्ध्या ल्युमेनवर.
अर्धा! दुकानदारही सांगताना लाजला.
गुडलाउगबाईंच्या खोलीत मी तेवढाच नेते.
वय एक्याण्णव, झोप कागदासारखी.
भिंतीकडे तोंड करून ठेवला की
रजईचं वरखाली होणं दिसतं,
मिनिटाला सोळा, कधी चौदा.
एकदाच जाग आली त्यांना.
"उजाडलं का गं?"
"नाही, अजून सहा आठवडे नाही."
"मग झोपते," म्हणाल्या, आणि झोपल्या.

हे सगळं मी ईदारला सांगितलं नाही.
तो म्हणाला असता, हे मोजायचं कसं.

गुरुवारी धक्क्यावर त्याचा हातमोजा निसटला
आणि पहिली पाण्यात गेली, लागलेलीच.
अकरा मीटर खाली जाऊन उभी राहिली.
पाळी सुटली तशी माणसं कठड्याशी जमली,
लिथुआनियाची रासा, तिचा भाऊ,
वजनकाट्यावरचा म्हातारा.
हिरवं पाणी आतून पेटलेलं,
एक कॉड आला, झोतात तोंड घालून
बराच वेळ तिथेच राहिला.
कुणी हसलं नाही.
ईदारने स्टॉपवॉच सुरू केलं.

मी तीन घरं करून परत आले
तर तो एकटाच उभा होता, मिशीवर दंव.
ती विझली की गाळात रुतली, सांगता येत नव्हतं.
"तुझी दे जरा," म्हणाला.
वाकून त्याने ती पाण्यावर धरली.
पाणी दिसलं. वरचं वरचं पाणी.

मग त्याच लोणीउजेडात त्याने वही उघडली,
पेन तोंडाच्या वाफेने गरम केलं,
त्रेचाळीस मिनिटं, असं नीट अक्षरात लिहिलं.
खालच्या ओळीवरची रेघ
तशीच ठेवली.